मचव्यातली मासळी आणि पाण्यातली माणसं

मुंबईहून रत्नागिरीला यायचं म्हणजे बोटीनं यायचं, हे समीकरण कोकणात शंभराहून जास्त वर्षं टिकलं. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीला सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा नद्यांनी आडवे छेद दिलेले. प्रत्येक खाडीला तर, प्रत्येक तरीला तास-दोन तासांची खोटी. वर कशेडी आणि परशुरामासारखे घाट. रेल्वे तर सलग धावू लागली ती थेट १९९८ साली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजू लागले आणि रत्नागिरी जिल्ह्यातले गडी पोटापाण्यासाठी घराबाहेर पडले, तेव्हा त्यांना सरळ वाट एकच होती. बंदरावर जायचं, तिकीट काढायचं आणि आगबोटीची वाट बघत वाळूत बसायचं.

मुंबई ते पणजी या मार्गावर हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं लागत. रत्नागिरीला बोट आली की गजबजायची ती मांडवी. उत्तरेला भगवतीच्या किल्ल्याचं टोक समुद्रात शिरलेलं, दक्षिणेला भाट्याची खाडी आणि पलीकडे भाट्याचा किनारा. मधे मांडवीची काळी वाळू. गावात तिला काळा समुद्रच म्हणतात, मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. आज मांडवीच्या जेटीवर लोक सूर्यास्त बघायला आणि भेळ खायला जातात. ज्या काळाबद्दल हे लिहितो आहे त्या काळात याच वाळूवर वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, आंब्याच्या करंड्या आणि माहेरवाशिणी असा सगळा संसार मांडलेला असे. मुंबईची मनीऑर्डर यायची आणि गावचा माणूस जायचा, दोघांची वाट समुद्रावरूनच होती.

या वाटेचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा कंपन्यांचा आणि जहाजांचा. कुठल्या कंपनीनं कुणाशी स्पर्धा केली, कुठली बोट कधी बुडाली, चौकशीत काय निघालं. मला इथं या वाटेवरच्या दुसऱ्या माणसांबद्दल लिहायचं आहे. त्यांच्या नावावर एकही बोट नव्हती. होते ते पडाव, मचवे आणि होड्या.

पडावावरचे हात

आगबोट बहुतेक बंदरांत किनाऱ्याला लागत नसे. पाण्याची खोली पुरत नसे, म्हणून ती बऱ्याच अंतरावर नांगर टाकून उभी राही आणि भोंगा देई. तिथून किनाऱ्यापर्यंत माणसं आणि सामान आणायचं काम पडावाचं. पडाव म्हणजे रुंद पोटाची, वल्ह्यांवर चालणारी मोठी नाव. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भंडारी, खारवी आणि दालदी मुसलमान या दर्यावर्दी जमाती पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या. पडावावरचे तांडेल आणि खलाशी याच घरांतले.

पडावातून बोटीवर चढणं किंवा बोटीवरून पडावात उतरणं हा त्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा भाग. बोटीच्या कडेला शिडी सोडलेली असे. बोट जड, त्यामुळे ती सावकाश झुलायची. पडाव हलका, तो प्रत्येक लाटेबरोबर माणूसभर वर यायचा आणि तितकाच खाली जायचा. शिडीची शेवटची पायरी आणि पडावाची कड यांच्यातलं अंतर क्षणाक्षणाला बदलायचं. पडाव वर आला त्या क्षणी पाऊल टाकलं तर जमिनीवर उतरल्यासारखं सोपं. एक क्षण उशीर झाला तर पाय हवेत, आणि खाली बोट आणि पडाव यांच्यातली फट. त्या फटीत सापडलेल्या माणसाला पोहता येत असून उपयोग नसे, कारण पुढच्या लाटेला बोट आणि पडाव एकमेकांवर आदळायचे.

म्हणून एक खलाशी पडावाच्या कडेवर पाय रोवून उभा राही आणि लाट मोजत असे. दुसरा शिडीवरच्या माणसाचं मनगट धरून ठेवी. हाताचा पंजा धरायचा नाही, मनगटच धरायचं, कारण ओल्या हाताचा पंजा निसटतो. लाट आली की ओरडा, ओरड्याबरोबर ओढ, आणि बाई किंवा म्हातारा पडावाच्या तळात. लहान मुलं या हातातून त्या हातात अशी सरकत जायची. बोट लागून अर्धमेल्या झालेल्या, रात्रभर ओकून डोळे पांढरे झालेल्या माणसांना अक्षरशः उचलून घ्यावं लागायचं. किनारा जवळ आला की पडावाचा तळ वाळूला घासायचा. तिथून पुढे गुडघाभर, मांडीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना, बायकांना आणि पोरांना खांद्यावर किंवा पाठीवर घेऊन कोरड्यावर सोडायचं.

बोट वेळेवर येईल याचा भरवसा नसे. मध्यरात्र, पहाट, केव्हाही भोंगा व्हायचा. कंदिलाच्या उजेडात हे सगळं व्हायचं. पडावाचे पैसे ठरलेले, खांद्यावरून नेण्याचे चार पैसे वेगळे. त्यावरून घासाघीस व्हायची, शिव्याही व्हायच्या. पडाववाले कुणी संत नव्हते. पोटासाठी राबणारे गडी होते, आणि गिऱ्हाइकाची अडवणूक करणारेही त्यांच्यात निघत. पण मनगट धरलं की मग ते सुटायचं नाही, हा त्या धंद्याचा अलिखित कायदा होता. ज्या रात्री कुणी पाण्यात पडलं नाही त्या रात्रीची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. मांडवीच्या आणि कोकणातल्या प्रत्येक बंदराच्या इतिहासात अशा बिननोंदीच्या रात्री हजारोंनी आहेत.

संतांच्या नावाच्या बोटी

या वाटेवर बराच काळ ‘बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’चं राज्य होतं. कोकणात तिला शेफर्ड कंपनी म्हणत. स्वदेशीच्या वाऱ्यानं आपल्याही लोकांनी या धंद्यात उतरायचं ठरवलं आणि सहकारी तत्त्वावर ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ उभी राहिली. कोकणी माणसानं तिचं नाव ठेवलं ‘माझी आगबोट कंपनी’. हे नाव अभिमानाचं होतं. चाकरमान्याच्या पैशांतून उभी राहिलेली आणि त्याला गावी नेणारी आपली बोट. बोटींना नावंही आपल्या माणसांना जवळची वाटतील अशीच दिली: ‘तुकाराम’, ‘रामदास’. गोव्याकडच्या प्रवाशांसाठी ख्रिस्ती संतांच्याही नावाच्या बोटी होत्या.

दर्याला मात्र संतांची नावं वाचता येत नाहीत. ११ नोव्हेंबर १९२७ ला, दिवाळीनंतरच्या दिवसांत, अरबी समुद्रातल्या वादळानं कोकणाला झोडपलं आणि एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या. ‘तुकाराम’वरचे बरेच जण वाचले; ‘जयंती’वरची माणसं परत आली नाहीत. दोन बोटी, एक दिवस, आणि किनाऱ्यावर गावोगाव रडारड. त्या पिढीच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात ‘जयंती-तुकाराम’ हा एकच जोडशब्द होऊन बसला. अमकं लग्न ‘जयंती-तुकाराम’च्या आधीचं की नंतरचं, असं साल सांगायची ती खूण झाली.

या तारखेची आठवण कोकणाला आणखी एकदा झाली. ११ नोव्हेंबर २००९ ला, बरोबर ब्याऐंशी वर्षांनी, ‘फयान’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि समुद्रात असलेल्या रत्नागिरीच्या मच्छीमारांचे बळी घेऊन गेलं. पावसाळा संपला, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, आता दर्या शांत, हा किनाऱ्यावरचा समज. अरबी समुद्रातली चक्रीवादळं मात्र पावसाळ्याच्या आधी आणि नंतरच जास्त होतात, म्हणजे मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

गुरुवार, १७ जुलै १९४७

पावसाळा लागला की मांडवीसारख्या उघड्या बंदरांवरची बोट बंद होई. रत्नागिरीला येणारी-जाणारी बोट मेच्या अखेरीपर्यंत चालायची आणि मग दर्या शांत होईपर्यंत वाट बघायची. रेवस मात्र मुंबई बंदराच्या तोंडाशीच, आतल्या पाण्यात. म्हणून मुंबई-रेवस फेरी भर पावसातही चालू असे. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव या भागांतल्या चाकरमान्यांना ती सोयीची होती.

१७ जुलै १९४७ ला सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ रेवसकडे निघाली. १९३६ साली बांधलेली, पावणेदोनशे फुटांहून थोडी जास्त लांब, चारशे टनांच्या आसपासची बोट. बोटीवर खलाशी धरून सातशेहून जास्त माणसं. आषाढ संपत आला होता, अमावास्या तोंडावर होती, म्हणजे समुद्राला उधाणाचे दिवस. गावी सणासाठी निघालेली माणसं होती, नोकरदार होते, व्यापारी होते, बायका-मुलं होती. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, त्यामुळे डेकवरच्या गप्पांत देशाच्या फाळणीचा आणि येणाऱ्या १५ ऑगस्टचा विषय निघालाच असणार.

अर्धा तास झाला तोवर वारा आणि पाऊस वाढला. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट बोटीवर आली. पाणी आत आलं तशी माणसं घाबरून एका अंगाला धावली, आणि आधीच कललेली बोट त्या वजनानं आणखी कलली. पावसापासून आडोसा म्हणून बांधलेल्या ताडपत्र्यांत लोक अडकले. जीव वाचवायची साधनं माणसांच्या मानानं फारच थोडी. त्यांच्यासाठीच झोंबाझोंबी सुरू झाली. साडेआठच्या सुमारास, निघाल्यापासून जेमतेम पस्तीस मिनिटांत, ‘रामदास’ उलटली आणि दिसेनाशी झाली. मुंबई बंदर इतकं जवळ की स्वच्छ दिवस असता तर धक्क्यावरून दिसलं असतं. सहाशेहून जास्त माणसं गेली.

मदत मागायला बोटीवर काही नव्हतं. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा बिनतारी संदेशामुळे ‘कार्पेथिया’ धावून आली आणि सातशेवर जीव वाचले. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली लंडनला जगातल्या देशांनी एकत्र बसून जहाजांवर काय साधनं हवीत याचे नियम केले. त्याला तेहतीस वर्षं झाली होती, तरी मुंबई बंदराच्या तोंडावर सातशे माणसं घेऊन निघालेल्या ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हतं. बोट बुडाली हे मुंबईला कळलंच नाही. धक्क्यावर दिवसाचा व्यवहार नेहमीसारखा चालू होता. वाचलेल्यांपैकी एक जण लाटांवर तरंगत गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूला लागला, तेव्हा कुठे दिवस कलता कलता बातमी शहरात पसरली. मग भाऊच्या धक्क्यावर जी गर्दी लोटली ती रात्रभर हटली नाही.

मासळीचं काय करायचं

मुंबईला काही कळायच्या आधी, कुणी हुकूम द्यायच्या आधी, कोळी तिथे पोचले होते. रेवसकडून मासळी भरून काही मचवे मुंबईकडे येत होते. ‘रामदास’ जात होती त्या वाटेनेच, पण उलट दिशेने. समोर पाण्यात माणसं दिसली.

इथं थोडा वेळ थांबायला हवं, कारण पुढे जे झालं ते एका वाक्यात सांगून टाकायची आपल्याला सवय आहे. पावसाळ्यात मासेमारी थोडी होते. दर्या खवळलेला असतो, जाळी टाकायचे दिवस मोजके. म्हणून पावसात बाजारात येणाऱ्या मासळीला भाव असतो, आणि श्रावण तोंडावर आला की गिऱ्हाईक आणखी तुटून पडतं. त्या मचव्यांतली मासळी म्हणजे कोळ्यांची अनेक रात्रींची मेहनत, घरची चूल आणि बहुधा व्यापाऱ्याचं देणंही. भरलेला मचवा पाण्यात खाली बसलेला असतो. त्या भाराखाली, तसल्या लाटांत, वर आणखी माणसं घेतली तर मचवाच जायचा. म्हणजे हिशेब सोपा होता: मासळी ठेवायची किंवा माणसं घ्यायची.

कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकली.

त्यानंतरचं काम सोपं नव्हतं. बुडणारा माणूस समोर येईल त्याला मिठी मारतो. वाचवायला गेलेल्यालाही घेऊन खाली जातो. म्हणून दर्यावरचा माणूस हात देण्याआधी वल्हं, दोर किंवा फळी पुढे करतो आणि माणूस दमून हातपाय गाळेपर्यंत थोडं अंतर राखतो. चार जण एकाच अंगानं मचव्याच्या कडेला लोंबकळले तर मचवा कलंडतो, म्हणून दुसऱ्या अंगाला वजन ठेवावं लागतं. ज्याच्या अंगात त्राण उरलेलं नाही त्याचं शरीर भिजल्या कपड्यांनी दुप्पट जड झालेलं असतं. हे सगळं खवळलेल्या पाण्यात, आरडाओरड्यात, कुणाला आधी घ्यायचं हे ठरवत. या तऱ्हेनं त्या मचव्यांनी पाऊणशेच्या आसपास जीव पाण्याबाहेर काढले.

कोळ्यांना हे शिकवायला त्या सकाळी कुणी आलेलं नव्हतं. खवळलेल्या पाण्यात उभं राहणं, वल्ह्याच्या टोकानं अंतर राखणं, लाटेचा अंदाज घेणं, मचव्याचं वजन सांभाळणं, मनगट पकडणं हे सगळं त्यांच्या रोजच्या कामातलंच. मांडवीच्या पडावावर रात्री-बेरात्री लाट मोजणाऱ्या खलाशाचंही तेच. म्हणून ‘रामदास’च्या सकाळचं शौर्य मला रोजच्या कामापासून वेगळं काढता येत नाही. रोजचं काम ज्यांनी नेटकं केलेलं असतं, त्यांनाच आणीबाणीच्या घटकेला हात पुढे करणं जमतं. त्या दिवशी कोळ्यांनी नवीन केलं ते एवढंच, की मासळी टाकली.

त्याचा मोबदला

समुद्रावरच्या कायद्यात एक जुनी गोष्ट आहे. संकटातलं जहाज किंवा त्यावरचा माल वाचवला तर वाचवणाऱ्याला मोबदला मागता येतो, आणि तो वाचलेल्या मालाच्या किमतीतून ठरतो. १९१० च्या ब्रुसेल्स करारानं समुद्रात सापडलेल्या कुणालाही, तो शत्रू असला तरी, आपल्या जहाजाला गंभीर धोका न पोचवता शक्य ती मदत करणं कप्तानाचं कर्तव्य ठरवलं. त्याच करारानं असंही ठरवलं की ज्याचा जीव वाचला त्याच्याकडून पैसे मागता येणार नाहीत. तत्त्व योग्यच आहे. जिवाचा भाव करता येत नाही. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा की शंभर पेट्या माल वाचवणाऱ्याचा हिशेब कोर्टात होतो आणि माल फेकून माणसं वाचवणाऱ्याचा हिशेब त्याच्या घरच्या चुलीपाशी होतो. कोळ्यांनी हा करार वाचलेला नव्हता. त्यांनी जे केलं ते त्या कराराच्या पुढचं होतं. मचव्याला धोका नसताना मदत करा, असं करार सांगतो, आणि त्यांनी मचवा धोक्यात घालून मदत केली.

पुढचे काही दिवस मुंबईजवळच्या किनाऱ्यांवर प्रेतं लागत राहिली. एकेका घरातली चार-चार माणसं गेली होती. मग १५ ऑगस्ट आला, झेंडे लागले, आणि पाठोपाठ फाळणीच्या बातम्या येऊ लागल्या. ‘रामदास’ची बातमी मागे पडली. कोकणात तिचं नाव लोक अजून घेतात. बोट कोणाची, कधी निघाली, कुठे बुडाली हे सांगणारे सापडतात. मचवे कुणाचे होते, हे विचारलं तर माणसं ‘रेवसच्या कोळ्यांचे’ एवढंच सांगतात. बुडालेल्या बोटीला नाव असतं, वाचवणाऱ्या मचव्यांना फक्त गाव.

बोटी गेल्या, सवय राहिली

स्वातंत्र्यानंतर रस्ते झाले, खाड्यांवर पूल झाले, १९४८ साली सुरू झालेली एसटी हळूहळू कोकणातल्या गावोगाव पोचली. बोटीनं जाणारा माणूस लाल गाडीनं जाऊ लागला. विसावं शतक संपायच्या आतच नियमित प्रवासी बोटी बंद पडल्या आणि मांडवीचा पडाव इतिहासजमा झाला. मासेमारी मात्र चालू राहिली. मांडवीपासून हाकेच्या अंतरावरचं मिरकरवाडा हे आज कोकणातलं एक मोठं मासेमारी बंदर आहे. पाण्यात सापडलेल्याला हात देण्याची सवयही राहिली.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटत रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन आदळलं. टाळेबंदीचे दिवस, बाहेर पडायला बंदी, वाऱ्याचा वेग असा की झाडं मोडून पडत होती. जहाजावरच्या खलाशांना सुखरूप किनाऱ्यावर आणण्यात यंत्रणेबरोबर किनाऱ्यावरच्या लोकांचेही हात होते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. पहिले काही तास यंत्रणा आत पोचूच शकली नाही. त्या तासांत गल्लीतले तरुण टायरच्या ट्यूब आणि दोर घेऊन शेजाऱ्यांच्या गच्च्या गाठत होते. एसटीच्या चिपळूण आगारात पाणी शिरलं तेव्हा आगारप्रमुख आणि त्यांचे सहकारी आगाराची नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि तासन् तास तिथेच बसून राहिले. त्यांच्याजवळ दोर नव्हता, होडी नव्हती. होती ती ड्यूटी.

‘रामदास’ बुडाली त्याच मुंबई बंदरात १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट, इंजिनाची चाचणी चालू असताना, येऊन आदळली. बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती. पंधरा जणांचा बळी गेला. मुंबई बंदराची ‘पूर्वा’ नावाची पायलट बोट जवळच होती. तिच्या चालकानं बोट तिकडे वळवली आणि कितीतरी जणांना पाण्यातून ओढून घेतलं. श्वास थांबलेल्या एका लहान मुलीच्या छातीवर दाब देऊन त्यानं तिचा श्वास परत आणला. पायलट बोटीचं काम जहाजांच्या मार्गदर्शकांना ने-आण करण्याचं. बचावाचं काम तिच्यावर सोपवलेलं नव्हतं. आजूबाजूच्या इतर बोटीही धावल्या. १९४७ आणि २०२४ या दोन्ही वेळी पहिला हात पुढे आला तो जवळून जाणाऱ्याचा.

एवढ्यावर समाधान मानून थांबलं तर मात्र आपण मोठीच चूक करू. ‘नीलकमल’वरच्या बहुतेक प्रवाशांनी लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं, आणि ‘रामदास’वर सगळ्यांना पुरतील इतकी साधनंच नव्हती. सत्त्याहत्तर वर्षांच्या अंतरानं त्याच पाण्यात तीच गोष्ट घडली. माणसाच्या चांगुलपणाचं कौतुक करत करत आपण त्याच्यावरच सगळा भार टाकतो. पडाववाला मनगट सोडणार नाही, म्हणून कंपनीनं धक्का बांधायचा नाही. कोळी येतील, म्हणून बोटीवर बिनतारी यंत्र ठेवायचं नाही. हे चालणार नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद ठेवली जाते. असल्या नियमांमागे बुडालेली माणसं आहेत हे प्रवाशानं लक्षात ठेवलं, तर नियमाचा जाच वाटणार नाही.

म्हणून वाचकांकडे दोनच मागण्या आहेत. मांडवी, मिऱ्या, राजिवडा, हर्णे, दाभोळ, रेवस, बोडणी, कुठल्याही बंदरगावात तुमचं घर किंवा नातं असेल, तर पडावावर, मचव्यावर काम केलेल्या घरांत जाऊन बसा. आजोबा-पणजोबांचं नाव काय, बोट कुठली, कुणाला कधी बाहेर काढलं, हे विचारा आणि लिहून काढा. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, वाचनालयाच्या दप्तरात ते ठेवा. ज्यांना हे सांगता येईल अशी माणसं आता थोडीच उरली आहेत. आणि पुढच्या वेळी लाँचमध्ये बसाल तेव्हा लाइफ जॅकेट मागून घ्या, घाला, शेजारच्या पोरालाही घालायला लावा. मिळालं नाही तर बोट सुटायच्या आधी उतरा.